सपकाळांचे उपाशी किडे

आमच्या शेजारी सपकाळ राहायचे आणि त्यांचे किडे उपास करायचे. सपकाळ स्वतः उपासाच्या वाटेला कधी गेले नाहीत. चतुर्थी असो, एकादशी असो, हा गृहस्थ दणकून जेवायचा. मग हात धुवायला गॅलरीतल्या नळावर यायचा आणि नळाखालच्या वाडग्याकडे बघून मोठ्या समाधानाने सांगायचा, "आज दुसरा दिवस. अजून एक उपास घडला की पोटं साफ."

आता हे किडे म्हणजे काय प्रकरण, ते आधी सांगून टाकतो. सपकाळांच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून काचेच्या टाक्या होत्या आणि टाक्यांत शोभेचे मासे. माशांना खायला जिवंत किडेच लागतात, हा सपकाळांचा सिद्धांत. केसाएवढे बारीक, लालभडक, आणि एकमेकांत असे गुंतलेले की एक उचलायला जावं तर सगळा पुंजका हातात यावा. ते कॉलनीमागच्या ओढ्याच्या गाळात मिळायचे. त्या ओढ्यात काय काय येऊन मिळायचं ते सांगत नाही, तुम्ही नुकतेच जेवून बसला असाल. तर अशा गाळातला किडा थेट माशाला घातला की मासा आजारी पडतो. म्हणून किडे वाडग्यात घालून नळाच्या बारीक धारेखाली दोन-तीन दिवस ठेवायचे, खायला काही द्यायचं नाही, म्हणजे पोटातली घाण निघून जाते. यालाच सपकाळ उपास म्हणायचे.

आणि दिवसभर करंगळीएवढी का होईना धार असणारा नळ आमच्या मजल्यावर एकच होता. सगळ्यांचा.

पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. चिंचवडला कामगारांसाठी बांधलेल्या इमारतीत आम्ही राहायचो. दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं, समोर लांबलचक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला तो नळ. मी कारखान्यात टाइम ऑफिसला, म्हणजे लोक कामावर किती उशिरा आले ते बघणारा माणूस. माझ्यावर कोणी प्रेम करत नसे आणि माझाही तसा आग्रह नव्हता. सपकाळ इन्स्पेक्शनला. मशीनवरून उतरलेला भाग, ज्याला आम्ही जॉब म्हणायचो, तो गेज लावून तपासायचा हे त्यांचं काम. गेज म्हणजे मापाचा गुळगुळीत दांडा. त्याचं एक टोक जॉबच्या भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. बसलं तर पास, नाहीतर रिजेक्ट. मध्ये काही नाही.

आता कारखान्यातलं काम माणसाने कारखान्यात ठेवावं. पण सपकाळ ते घरी घेऊन यायचे. आमच्याकडे चहा प्याले की म्हणायचे, "वहिनी, साखर एक सूत कमी. पण पास." एकदा आमच्या खात्यातल्या एकाच्या लग्नात त्यांनी मांडवाचा खांब डोळा बारीक करून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा दोन सूत बाहेर आहे." झालं. नवरदेवाचा काका अक्षता पडेपर्यंत तो खांब धरून उभा. खांबाला काही झालं नाही, काकाची मान मात्र आखडली.

माशांच्या जेवणाची वेळ कारखान्याच्या भोंग्यावर होती. दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजला की सपकाळ, नाहीतर त्यांची मुलगी निर्मला, चिमटीने किड्यांचा पुंजका टाकीत सोडायची. पुढे पुढे भोंगा झाला की मासे आपणहून वर यायला लागले. पण रविवारी कारखाना बंद. भोंगा नाही, मग माशांना कसं कळणार? तर रविवारी सपकाळ टाकीसमोर उभे राहून तोंडाने भोंगा वाजवायचे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दुपारच्या झोपेतून उठून पायात चपला घालून जिन्यापर्यंत गेलो होतो.

आमच्या सौभाग्यवतींचं, म्हणजे सुशीलेचं आणि त्या किड्यांचं वैर पहिल्या आठवड्यापासूनचं. त्या वर्षी ती धाकटीसाठी स्वेटर विणत होती. नळावर गेली, वाडग्यात लाल गुंता दिसला. तिला वाटलं कोणीतरी लोकर भिजत घातलीय, रंग जातो का बघायला. बायकांची सवय, बोटाने उचलून बघितली. लोकर तिच्या बोटाला गुंडाळली गेली. त्यानंतर पुढचे पंधरा दिवस पाणी मी भरलं.

मला स्वतःला किळस फार. गांडूळ दिसलं तर पाय उचलून चालणारा मी माणूस. मी भांडून बघितलं, सोसायटीत सांगून बघितलं. शेवटी पुण्याहून माशांच्या कोरड्या खाण्याचं पाकीट आणून त्यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, घ्या, सलोखा. सपकाळांनी चार दाणे तळहातावर घेतले, वास घेतला आणि पाकीट परत केलं. "चौधरी, हे म्हणजे कँटीनची उसळ आहे. नाइलाज असेल तर खावी. माझ्या माशांवर तशी वेळ आलेली नाही." ते पाकीट आमच्या फडताळात पडून राहिलं आणि मुंग्यांनी संपवलं.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. माणूस विक्षिप्त आहे, असेना का, असं म्हणून आम्ही सोडून दिलं असतं. पण मध्ये निर्मला होती.

निर्मला सपकाळांची एकुलती एक. आई ती लहान असतानाच गेलेली. बालवाडीत शिकवायची, स्वयंपाक उत्तम, वागायला इतकी गोड की सुशीला माझ्यावर चिडली तरी निर्मलाशी बोलून शांत व्हायची. पण डाव्या हाताच्या पंजावर कोड होतं. बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत पांढरा डाग. एवढंच. पण त्या काळात, आणि खरं सांगायचं तर आजसुद्धा, लग्नाच्या बाजारात तेवढं पुरे असतं. तिच्याबरोबरीच्या मुली दोन-दोन पोरांच्या आया झाल्या होत्या. निर्मला प्रत्येक बारशाला जाऊन पाळणा म्हणून यायची.

सपकाळ लपवाछपवी करणारे नव्हते. स्थळ आलं की ते आधीच सांगायचे, मुलीच्या हातावर कोड आहे, चालत असेल तर या. काही येत. म्हणजे माणसं यायची तयारीने, मन मोठं करून. आणि आल्यावर हात धुवायला नळावर जायची.

सांगवीचं एक स्थळ आलं होतं. मुलाची आई नळावर गेली आणि तिथून जी किंकाळी आली ती खालच्या मजल्यावरही ऐकू गेली. बाई एका पायात चप्पल घालूनच जिना उतरल्या. पुण्याचं एक स्थळ आलं, ते फार सभ्य. त्या बाईंनी वाडगा बघितला, हसल्या आणि म्हणाल्या, "छंद असावा माणसाला." आम्हाला वाटलं, जमलं. आठ दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

मजल्यावरच्या बायकांचं एकमत झालं. पोरीचं लग्न कोडापायी अडलेलं नाही, बापाच्या किड्यांपायी अडलंय. "एक दिवस तो वाडगा हलवला तर मासे मरणार आहेत का?" सुशीला विचारायची. मी सपकाळांना विचारलं. ते म्हणाले, "धार तुटली की किडे मरतात." मी म्हटलं, "मरू द्यात." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी रिजेक्ट झालो हे मला न सांगता कळलं.

मग मोशीचं स्थळ आलं. शेतकरी घर, मुलगा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये लेथवर. रविवारी दुपारी मुलगा, त्याची आई आणि मामा येणार होते. सुशीलेने सकाळीच मला बजावलं, "आज तो वाडगा नळाखाली दिसला तर मी पोरांना घेऊन माहेरी जाते. आणि हलवायचा तुम्ही. मी त्याला हात लावणार नाही."

मी सांडशीने वाडग्याची कड पकडली, मान दुसरीकडे वळवली आणि गॅलरीभर तो लांब धरून आमच्या घरात आणला. मोरीत नळाच्या पाण्याची एक बादली तिरकी करून कशीबशी धार लावली, वर परात झाकली. मग साबणाने तीनदा हात धुतले. पण म्हटलं, एका पोरीचं भलं होतंय, सोसावं.

थोड्या वेळाने सपकाळ दारात. अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल मोकळा.

"चौधरी, वाडगा."

"पाहुणे गेले की देतो," मी म्हणालो.

"वाडगा द्या."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सपकाळ, तुमच्या या हट्टापायी निर्मला घरात राहणार आहे. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. सरळ आमच्या मोरीत गेले, परात बाजूला केली, वाडगा उचलला आणि नेऊन परत नळाखाली ठेवला. धार जेवढी हवी तेवढी बारीक करून, खाली बोट धरून तपासली आणि उरलेली दाढी करायला निघून गेले. सुशीला पदराने डोळे पुसत होती. मला इतका राग आला होता की मी त्या माणसाशी पुन्हा बोलायचं नाही असं ठरवून टाकलं. हा निश्चय दुपारपर्यंत टिकला, कारण दुपारी निर्मला बोलवायला आली. "काका-काकू, तुम्ही दोघं या ना. बाबा एकटे पडतात."

पाहुणे आले. मुलगा, दत्तू नाव त्याचं, काळासावळा, खाली बघून बसणारा. मामा बोलके. आणि मुलाची आई उंच, हाडापेराने मजबूत, बसच्या प्रवासात धुळीने माखलेली. बसायच्या आधीच म्हणाली, "पाय धुती जरा. नळ कुठं हाय?"

सुशीलेने माझ्याकडे बघितलं. सुशीला तिच्या मागे धावली, सुशीलेच्या मागे मी.

आणि नेमका त्याच वेळी खाली पंप सुरू झाला असावा. नळाला एकदम जोर आला, वाडगा भरभरून वाहायला लागला आणि किड्यांचा सगळा लाल पुंजका काठावरून उतरून मोरीच्या जाळीकडे निघाला. आम्ही दोघं जागच्या जागी थिजलो. आता किंकाळी येणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"अगं बया, ही तर चालली की समदी."

डोळे उघडले तर बाईंनी पदर कमरेला खोचला होता. कोपराने नळ बारीक केला, खाली बसल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ करून जाळीपाशी गेलेले किडे गोळा करायला लागल्या. बोटांच्या फटीतून निसटणारे पुन्हा पुन्हा टिपून वाडग्यात सोडत होत्या. एक त्यांच्या मनगटावर चढला, तो त्यांनी दुसऱ्या हाताने सावकाश सोडवून आत टाकला.

"कुणाची हायती ही किडं?"

मागून सपकाळ म्हणाले, "माझी. माशांचं खाणं आहे ते." ते कधी येऊन उभे राहिले होते मला कळलंही नव्हतं.

"मग नीट झाकून ठेवावं का न्हाई? जीव हाय त्यो. आन् ह्यास्नी खायाला काय घालता?"

"काही नाही. उपास चालू आहे."

"किती दिस?"

"तिसरा."

"लई झालं," बाई म्हणाल्या. "दोन पुरं. आमच्याकडं शेरडाचं पोट साफ करायचं तरी दोनच दिस ठेवत्यात."

आजवर सपकाळांना उपासाच्या बाबतीत कोणी सल्ला दिलेला नव्हता. ते नुसते उभे राहिले. काही बोलले नाहीत, एक सूत कमी नाही की जास्त नाही. बाईंनी पाय धुतले, हात धुतले, ते पदराला पुसले आणि घरात जाऊन बसल्या. आम्हीही मागोमाग आत गेलो.

आत मामा उसाच्या भावावर बोलत होते. सपकाळांनी घड्याळ बघितलं, उठले, टाकीसमोर गेले, छाती भरून घेतली आणि भोंगा वाजवला. मी मनात म्हटलं, संपलं. किड्यांतून वाचलो आणि इथे बुडालो. मामांचा हात बोलता बोलता हवेत राहिला. दत्तू पहिल्यांदा मान वर करून बघायला लागला. मासे सगळे वर आले, सपकाळांनी त्यांना पुंजका सोडला, आणि मुलाची आई हसायला लागली ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "आवो, आमच्या दत्त्याच्या कंपनीचा भोंगा असाच वरडतो. आमी त्यावर भाकरी टाकतो."

निर्मला पोहे घेऊन आली. सपकाळ नेहमीप्रमाणे म्हणाले, "मुलीच्या डाव्या हातावर कोड आहे. नीट बघून घ्या."

"दिसतंय की. डोळं हायती मला," बाई म्हणाल्या. मग निर्मलाला म्हणाल्या, "हिकडं ये गं. बस माझ्यापाशी." आणि तिचा तोच डावा हात घेतला. बोटं जुळवली, अंगठा आत दाबला, पंजा स्वतःच्या दोन्ही हातांत धरून दाबून बघितला, जसा कासार बांगड्या भरायच्या आधी बघतो तसा. बाई विचार करून म्हणाल्या, "सव्वादोनची बसंल. हात मऊ हाय. हिरव्या बांगड्या आमी आणू, तुमी आणू नका."

सुशीलेने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. माझा जीव भांड्यात पडला. निर्मलाचा हात तसाच त्या बाईंच्या मांडीवर होता आणि बाई मामांना एकीकडे सांगत होत्या की साखरपुडा पुढच्या महिन्यात घ्यायचा, पिकाची कामं उरकली की.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मी गॅलरीत आलो. सपकाळ नळाशी उकिडवे बसून वाडगा साफ करत होते. मला इतकं हलकं वाटत होतं की सकाळचं भांडण उकरून काढावंसं वाटेना, पण राहवेनाही. म्हटलं, "सपकाळ, नशीब समजा. ही बाई निघाली म्हणून. दुसरी कोणी असती तर आजचंही स्थळ त्या वाडग्यापायी गेलं असतं."

"जायलाच हवं होतं," ते म्हणाले.

"म्हणजे?" मी विचारलं.

"तुम्हाला वाटतं मी विसरतो तो तिथं? अहो राव, स्थळ येणार असलं की मी दोन दिवस आधीच मुद्दाम नवा पुंजका ठेवतो." ते वाडग्यातला गाळ निथळवत बोलत होते. "निर्मला लहान होती तेव्हाची गोष्ट. पुण्यात राहायचो आम्ही. संक्रांतीला शेजारच्या बाई सगळ्या पोरींच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या. हिची पाळी आली. हिने हात पुढे केला. नेमका हाच. त्या बाईंचा हात मध्येच थांबला आणि तिळगूळ त्यांनी शेजारच्या स्टुलावर ठेवला. तोंडाने गोडच बोलल्या हो. 'घे हं बाळ,' म्हणाल्या. निर्मलाने तो स्टुलावरून उचलून खाल्ला आणि मला येऊन सांगितलं, 'बाबा, छान आहे.'"

नळाची धार वाडग्यात पडत होती.

"तेव्हापासून मी माणसांचं तोंड बघत नाही, चौधरी. तोंडाने सगळेच म्हणतात, आमचं काही म्हणणं नाही, आम्ही तसले नाही. मी हात बघतो. ती सांगवीची बाई ओरडली, ते एक वेळ ठीक. घाबरली बिचारी. पण ती पुण्याची, छंद असावा म्हणाली ना, तिने बोलताना दोन्ही हात मागे घेतले होते. मी बघितलं. माझी पोर तिच्या घरी गेली असती तर ताट वाढताना रोज तिला ते हात दिसले असते. रोज. वीस-तीस वर्षं. त्यापेक्षा ती माझ्याकडे राहिलेली बरी."

सकाळी मी त्या माणसाला हट्टी म्हणून बोललो होतो, आणि तो माणूस "कळतंय" एवढंच म्हणाला होता. त्याला माझ्यापेक्षा खरोखर जास्त कळत होतं.

"आणि ती एकटी राहिली असती तर?" मी विचारलं.

"म्हणून तर झोप लागत नव्हती," सपकाळ म्हणाले. मग नाक ओढलं, हसले. "पण बाई बघितल्यात ना? जाळीपर्यंत गेलेले टिपून आणले. एकसुद्धा वाया जाऊ दिला नाही."

"बघितल्या," मी म्हणालो. "पास."

"पास," ते म्हणाले. ते घाईघाईने उठले. माणसाला आनंद झाला की काहीतरी करावंसं वाटतं, आणि काय करावं ते न सुचून त्यांनी माझ्यापुढे हात केला. कारखान्यात एखाद्याला बढती मिळाली की आम्ही करतो तसा.

हात ओला होता. बोटांना गाळ होता आणि अंगठ्याच्या बेचक्यात दोन लाल किडे वळवळत होते, मला स्वच्छ दिसत होते. सपकाळांनाही ते त्याच क्षणी दिसले असावेत. त्यांचा चेहरा ओशाळला आणि ते हात मागे घ्यायला लागले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं शेजारी राहून या माणसाच्या हातात हात मी कधी दिलाच नव्हता. मीच काय, मजल्यावर कोणीच नाही.

मी तो हात धरला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

"सावकाश," सपकाळ म्हणाले, "चिरडतील."

म्हणून मी पकड थोडी सैल केली, पण हात सोडला नाही. त्यांनीही सोडला नाही. नळ चालू होता, घरात निर्मला आणि सुशीला कुठल्याशा गोष्टीवर हसत होत्या, आणि आम्ही दोघं बराच वेळ तसेच उभे होतो.